मोजले न जाणारे तास

इंग्लंडमधील एका सेविकेची पाळी रात्री दहाला सुरू होत असे आणि सकाळी सातला संपत असे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन प्रौढ व्यक्तींच्या घरी तिने रात्रभर राहायचे, झोपायला मोकळीक असली तरी कान जागे ठेवायचे आणि काही गडबड वाटली की उठायचे, असे तिच्या कामाचे स्वरूप होते. या नऊ तासांत तिला घराबाहेर पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती. या पाळीचे तिला २९ पौंड ५ पेन्स मिळत, म्हणजे तासाला सव्वातीन पौंडांहूनही कमी, आणि हा दर त्या वेळच्या किमान वेतनाच्या निम्म्याहूनही खाली होता. सोळा महिन्यांत तिला रात्री प्रत्यक्ष उठावे लागले ते सहा वेळा. मार्च २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, झोपण्याची सोय असलेल्या अशा पाळीत सेविका कामासाठी जितका वेळ खरोखर जागी असेल तितकाच वेळ किमान वेतनासाठी मोजायचा.

तीनच महिन्यांनी, २४ जून २०२१ रोजी, जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयासमोर जवळजवळ हाच प्रश्न आला आणि तेथे निकाल नेमका उलट लागला. बल्गेरियाहून आलेली एक स्त्री बर्लिनमध्ये नव्वदी ओलांडलेल्या एका वृद्धेच्या घरी राहून तिची शुश्रूषा करीत होती. तिच्या करारात आठवड्याला तीस तास काम लिहिलेले होते. प्रत्यक्षात सकाळी उठवण्यापासून रात्री हाकेला धावण्यापर्यंत सारे तिच्याकडेच होते, आणि ती त्याच घरात एका खोलीत राहत असल्यामुळे तिचा दिवस कोठे संपतो हे सांगणेच शक्य नव्हते. हाकेची वाट पाहत थांबून राहणे हेही काम आहे आणि त्यालाही किमान वेतन लागू आहे, असे न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले. पुढे २०२२ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तिला ३८ हजार युरोंहून अधिक थकबाकी मंजूर केली.

या दोन निकालांमुळे माझे लक्ष या विषयाकडे पहिल्यांदा गंभीरपणे वळले आणि तेव्हापासून देखभालीच्या कामाविषयीचे कायदे, निवाडे आणि अहवाल मिळतील तसे मी वाचत आले आहे. वृद्धांची, आजाऱ्यांची, अपंगांची आणि लहान मुलांची देखभाल करणाऱ्यांना इतके कमी पैसे का मिळतात, या प्रश्नाचे ठरावीक उत्तर असे असते की, या कामाला शिक्षण फारसे लागत नाही आणि ते करायला माणसे पुष्कळ मिळतात. वाचता वाचता माझे मत वेगळे झाले. तासाचा दर किती, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या आधी कोणता तास ‘काम’ म्हणून मोजायचा हे ठरते, आणि ते ठरवताना निरनिराळ्या देशांनी, निरनिराळ्या काळात, स्त्रीचा वेळ मुळात फुकटच असतो असे गृहीत धरलेले दिसते. दर वाढवून घेण्यासाठी भांडता येते. जो तास नोंदवहीत उतरतच नाही, त्याच्यासाठी भांडायलाही आधार राहत नाही.

या गृहीतकाचे मूळ घरात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अहवालानुसार जगात रोज १,६४० कोटी तास बिनपगारी देखभालीच्या कामात जातात, म्हणजे २०० कोटी माणसे रोज आठ तास एक पैसाही न घेता राबत असल्यासारखे हे आहे. यातील तीन चतुर्थांशांहून अधिक काम स्त्रिया करतात. स्त्रीचे दिवसाचे सरासरी ४ तास २५ मिनिटे त्यात जातात, पुरुषाचे १ तास २३ मिनिटे. याच संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार देखभालीच्या जबाबदारीमुळे श्रमबाजाराबाहेर असलेल्या स्त्रियांची संख्या ७० कोटी ८० लाख आहे आणि त्याच कारणाने बाहेर राहिलेले पुरुष आहेत ४ कोटी.

इतके प्रचंड काम राष्ट्रीय उत्पन्नात मात्र दिसत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९५३ मध्ये राष्ट्रीय हिशेबांची जी पद्धत घालून दिली, तिच्यात घरातील माणसांसाठी केलेल्या बिनपगारी सेवा उत्पादनाच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या, आणि नंतरच्या सुधारणांतही त्या बाहेरच राहिल्या. दुसऱ्याच्या वडिलांना पैसे घेऊन आंघोळ घातली तर ती देशाच्या उत्पन्नात मोजली जाते आणि स्वतःच्या वडिलांना घातली तर मोजली जात नाही. हिशेबतपासनिसांच्या सोयीच्या दृष्टीने या भेदाची कारणे देता येतात, आणि ती सगळीच खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु जे काम कोट्यवधी घरांत फुकट होते, तेच काम बाजारात आले की त्याची किंमत शून्यापासून वर चढू लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती फार वर चढत नाही.

कायद्याने हे गृहीतक किती उघडपणे मांडले होते याचे एक उदाहरण ब्रिटनमधलेच आहे. आजारी किंवा अपंग नातेवाइकाची काळजी घेण्यासाठी नोकरी सोडावी लागलेल्यांना १९७६ पासून तेथे एक सरकारी भत्ता मिळू लागला, मात्र विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. त्या तशाही घरीच असण्याची शक्यता आहे, असा तर्क त्यामागे होता. अविवाहित मुलगी आईसाठी नोकरी सोडते तेव्हा तिचे नुकसान होते आणि विवाहित मुलगी तेच करते तेव्हा काहीच होत नाही, असा याचा सरळ अर्थ. हा भेद दहा वर्षे टिकला. स्वतःच्या आईची शुश्रूषा करणाऱ्या एका विवाहित स्त्रीने दाद मागितल्यानंतर, युरोपीय न्यायालयाच्या १९८६ च्या निकालाच्या दडपणाखाली तो काढावा लागला.

पैसे घेऊन काम करणाऱ्यांकडे वळले की हेच गृहीतक दुसऱ्या वेशात भेटते. अमेरिकेचा किमान वेतनाचा मूळ कायदा १९३८ चा. घरकाम करणाऱ्यांना त्याने संरक्षण दिले नाही आणि शेतमजुरांनाही दिले नाही. या दोन्ही कामांत तेव्हा कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते आणि घरकामात तर कृष्णवर्णीय स्त्रियाच प्रामुख्याने होत्या, ही गोष्ट त्यातून वेगळी काढता येत नाही. १९७४ मध्ये घरकाम करणाऱ्यांना कायद्याच्या कक्षेत घेतले गेले, पण त्याच दुरुस्तीत एक अपवाद ठेवला गेला: वृद्ध किंवा अशक्त माणसाला ‘सोबत’ करणाऱ्यांना किमान वेतन आणि ओव्हरटाइम लागू नाही. अधूनमधून शेजारच्या आजींजवळ बसणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून हा अपवाद लिहिला गेला होता. पुढच्या काळात घरी जाऊन शुश्रूषा करण्याचा एक अवाढव्य उद्योग उभा राहिला, त्यात कंपन्या आल्या, सरकारी विम्याचा पैसा आला, आणि आठवड्याला साठ-सत्तर तास राबणाऱ्या स्त्रियाही याच अपवादाखाली ढकलल्या गेल्या.

एव्हलिन कोक ही त्यांच्यापैकी एक होती. जमैकाहून न्यूयॉर्कला आलेली, एकटीने पाच मुले वाढवलेली, वीस वर्षांहून अधिक काळ लोकांच्या घरी जाऊन त्यांना उठवणारी, बसवणारी, भरवणारी. अनेकदा ती चोवीस तासांची पाळी करीत असे आणि तिला ओव्हरटाइम कधीच मिळाला नाही. तिने दावा लावला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००७ मध्ये सर्व न्यायाधीशांनी एकमताने तिच्या विरुद्ध निकाल दिला, कारण अपवादाची व्याप्ती ठरवण्याचा अधिकार श्रम खात्याचा आहे आणि खात्याने कंपन्यांच्या सेविकांनाही त्यात धरले आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २००९ मध्ये ती वारली. ओबामा सरकारने २०१३ मध्ये नियम बदलला, तो अमलात यायला २०१५ उजाडले, आणि सुमारे वीस लाख गृहसेविकांना किमान वेतन व ओव्हरटाइम यांचे संरक्षण मिळाले. जुलै २०२५ मध्ये त्याच श्रम खात्याने हा नियम मागे घेऊन जुना अपवाद पुन्हा लागू करण्याचा प्रस्ताव मांडला.

रात्रीची झोप आणि नुसती सोबत यांच्याबरोबर आणखी एक तास हरवतो, तो रस्त्यावरचा. ब्रिटनमध्ये घरोघर जाणाऱ्या सेविकेचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटींत चिरलेला असतो. एका घरी औषधे द्यायची, दुसऱ्या घरी कपडे बदलायचे, तिसऱ्या घरी जेवण गरम करून द्यायचे, आणि मधला प्रवास बसने किंवा स्वतःच्या गाडीने करायचा. एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाण्याचा वेळ किमान वेतनासाठी मोजलाच पाहिजे, असे तेथील नियम सांगतात. तरीही पुष्कळ कंपन्या केवळ घरातील मिनिटांचे पैसे देतात, आणि मोबाइलवर दाराशी होणारी नोंद त्यांना तशी सोयही करून देते. लंडनमधील दहा सेविकांनी याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २०२० मध्ये श्रम न्यायाधिकरणाने त्यांना एकूण सुमारे एक लाख पौंड मिळतील असा निकाल दिला. या प्रकरणात कामगार संघटना त्यांच्या पाठीशी होती. एकेकट्या सेविकेला, पुढच्या आठवड्याच्या पाळ्या कोण वाटणार हे ठाऊक असताना, असा दावा लावणे किती कठीण असेल हे वेगळे सांगायला नको.

दक्षिण आशियात तास वगळण्याची पद्धत आणखी निराळी आहे. तेथे कामगार हा दर्जाच दिला जात नाही. भारतात २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात आलेल्या आशा सेविका आज सुमारे दहा लाख आहेत. गरोदर स्त्रियांना दवाखान्यात नेणे, लसीकरणासाठी घरोघर फिरणे, क्षयरोग्यांच्या औषधांवर लक्ष ठेवणे, नवजात बाळांना भेटी देणे ही सारी कामे त्या करतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. सरकारी कागदांत मात्र त्या स्वयंसेविका आहेत, आणि म्हणून त्यांना पगाराऐवजी कामागणिक मोबदला व मानधन मिळते. ज्या योजनेचा पाया तिच्यातील स्त्रियांच्या रोजच्या, नियमित, लेखी अहवाल द्याव्या लागणाऱ्या कामावर उभा आहे, त्या कामाला ऐच्छिक म्हणणे मला कोणत्याही बाजूने पटत नाही. अंगणवाडीची योजना १९७५ ची. तेथील सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केले, म्हणजे योजना सुरू झाल्यावर सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळाने. पाकिस्तानात १९९४ मध्ये सुरू झालेल्या आरोग्य कार्यक्रमातील सेविकांनी रस्त्यावर उतरून आणि न्यायालयात जाऊन किमान वेतनाचा आदेश मिळवला आणि २०१२ मध्ये सरकारी नोकरीचा दर्जा मिळवला. दोन्ही देशांत काम जवळजवळ सारखे, गावेही बरीचशी सारखी, आणि दर्जा मात्र वेगळा. तेव्हा हा दर्जा कामाच्या स्वरूपातून आपोआप ठरतो असे म्हणता येत नाही.

परदेशी सेविकांच्या बाबतीत हा हिशेब व्हिसाच्या अटींमध्ये दडलेला असतो. हाँगकाँगने २०११ मध्ये किमान वेतनाचा कायदा लागू केला, पण मालकाच्या घरी राहून घरकाम व देखभाल करणाऱ्यांना त्यातून वगळले. या सेविकांपैकी बहुतांश फिलिपिन्स आणि इंडोनेशियातून आलेल्या स्त्रिया आहेत, त्यांच्यासाठी महिन्याच्या पगाराची वेगळी किमान मर्यादा आहे आणि मालकाच्या घरीच राहण्याची सक्तीही आहे. घर हेच कामाचे ठिकाण असले की कामाचे तास मोजणे कठीण जाते, हे वगळण्याचे एक कारण म्हणून सांगितले जाते. राहण्याची सक्ती नियमानेच करायची आणि मग राहतात म्हणून तास मोजता येत नाहीत म्हणायचे, यात न्याय कोठे आहे हे मला समजत नाही.

ब्रिटनने २०२२ मध्ये, सेविकांचा तुटवडा असह्य झाल्यावर, देखभालीच्या कामासाठी परदेशी माणसांना व्हिसा खुला केला आणि भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे अशा देशांतून लोक मोठ्या संख्येने गेले. व्हिसा एका विशिष्ट मालकाशी बांधलेला होता, त्यामुळे नोकरी गेली की देशात राहण्याचा हक्कही धोक्यात येई. मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या सेविकांना मुले आणि जोडीदार बरोबर आणण्याची बंदी झाली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच बंद झाली. यातील मधला टप्पा मला सर्वांत अस्वस्थ करतो. दुसऱ्यांच्या आईवडिलांची काळजी घ्यायला ये, मात्र तुझ्या मुलांची काळजी तिकडे दुसऱ्या कोणीतरी घ्यावी, असे एका राष्ट्राने लेखी नियमाने सांगितले. ती दुसरी कोणीतरी बहुतेक वेळा आजी, मावशी किंवा थोरली मुलगी असते, आणि तिच्या तासांची नोंद तर कोणत्याच देशात होत नाही.

पगाराचे समर्थन करताना हमखास पुढे येणाऱ्या मुद्द्याकडे आता वळते. हे अकुशल काम आहे, असे म्हणतात. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवले आहे, त्यांना यात कितपत तथ्य आहे ते ठाऊक असते. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडाशी, टाचांना, खांद्यांना कातडी लाल होते आणि काही दिवसांत तेथे खोल जखम होते. वळवताना चादर ओढली गेली तर तीच नाजूक कातडी फाटते. गिळायला त्रास होणाऱ्याला पाणी थेट देता येत नाही, ते दाट करून द्यावे लागते, नाहीतर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती संध्याकाळी बेचैन होते, घरी जायचे आहे म्हणते, आणि त्या वेळी तिला ती घरीच आहे हे पटवत बसणे निरुपयोगी असते. माझ्या आईच्या अखेरच्या वर्षांत तिच्या टाचेवरचा पहिला लालसर डाग आमच्यापैकी कोणाला दिसला नव्हता. शुश्रूषेला येणाऱ्या ताईंना तो दिसला, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी जे सांगितले ते त्यांनी आदल्या रात्रीच करून ठेवले होते. या निरीक्षणाला कौशल्य म्हणायचे नसेल तर कौशल्य या कल्पनेतच काहीतरी अपुरे आहे.

ऑस्ट्रेलियात या मुद्द्याचा अधिकृत निवाडा झाला आहे. तेथे किमान वेतन ठरवणाऱ्या फेअर वर्क कमिशन या आयोगाने वृद्धांच्या देखभालीच्या कामाचे मूल्य नव्याने तपासले, शेकडो पानांचे साक्षीपुरावे ऐकले आणि असा निष्कर्ष काढला की, या कामातील अनेक कौशल्ये डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ती न दिसण्याचे कारण हे काम परंपरेने स्त्रियांचे मानले गेले हे आहे. घाबरलेल्याला शांत करणे, न बोलणाऱ्याची वेदना ओळखणे, कुटुंबीयांच्या शोकाला सामोरे जाणे यांना आजवर स्त्रीस्वभाव म्हटले गेले, म्हणून त्यांचा मोबदला ठरवला गेला नाही. जून २०२३ च्या अखेरीस वेतनात १५ टक्के अंतरिम वाढ झाली आणि मार्च २०२४ च्या निर्णयाने काही श्रेणींतील एकूण वाढ २८.५ टक्क्यांपर्यंत गेली. वाढीचा बोजा उचलण्यासाठी तेथील केंद्र सरकारला अब्जावधी डॉलरांची तरतूद करावी लागली.

पुरुष या कामात आले तर पगार वाढेल, असेही सुचवले जाते. तशी आशा मला फारशी वाटत नाही, कारण आहेत त्या पुरुषांचे काय होते ते आकडे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मांडलेल्या चित्रात आरोग्यक्षेत्रातील ७० टक्के कर्मचारी स्त्रिया होत्या आणि वरिष्ठ पदांवर त्या होत्या अवघ्या २५ टक्के. २०२२ च्या संयुक्त अहवालात हीच संघटना आणि श्रम संघटना यांनी नोंदवले की, आरोग्य व देखभालीच्या क्षेत्रात स्त्रियांची कमाई पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी आहे, आणि वय, शिक्षण, अनुभव यांच्या फरकातून या अंतराचा मोठा भाग उलगडत नाही. म्हणजे स्त्रियांचे म्हणून स्वस्त ठरलेल्या कामाच्या आतही वरच्या पायऱ्या पुन्हा पुरुषांकडेच जातात.

अर्थशास्त्रज्ञ आणखी एक कारण देतात आणि ते मला महत्त्वाचे वाटते. कारखान्यात यंत्र बदलले की तेवढ्याच तासांत दुप्पट माल निघतो, पण एका वृद्धेला अर्ध्या वेळात, दुप्पट घाईने जेवू घालणे ही काही उत्पादकतेची वाढ नव्हे. विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात ही अडचण नीट मांडली. इतर क्षेत्रांतील पगार वाढत जातात तसा अशा सेवांचा तुलनात्मक खर्च वाढत जाणे अटळ असते. हा खर्च कोणी तरी उचलावाच लागतो: कुटुंबाने, सरकारने किंवा काम करणारीने. बहुतेक देशांत कुटुंबांची ऐपत नसते आणि सरकार वृद्धाश्रमांना व संस्थांना देण्याचे दर आवळून धरते, तेव्हा उरलेला भार कमी पगाराच्या रूपाने तिसरीकडे सरकतो. अंदाजपत्रकात ही रक्कम कोठे लिहिलेली नसते. न्यूझीलंडमध्ये ती एकदा लिहिली गेली, आणि त्या देशाची कहाणी मला या विषयातील सर्वांत बोलकी वाटते.

क्रिस्टीन बार्टलेट तेथील एका वृद्धाश्रमात वीस वर्षांहून अधिक काळ सेविका होती आणि इतक्या वर्षांनंतर तिला तासाला सुमारे साडेचौदा डॉलर मिळत होते, किमान वेतनाच्या किंचित वर. २०१२ मध्ये संघटनेच्या मदतीने तिने १९७२ च्या समान वेतन कायद्याखाली दावा लावला. तिच्या मालकाकडे असलेल्या ११० सेवकांत चारच पुरुष होते आणि त्यांनाही तितकाच कमी पगार मिळत होता, तेव्हा भेदभाव झालाच कोठे, असा मालकाचा युक्तिवाद होता. बार्टलेटचे म्हणणे असे होते की, तुलना त्या चार पुरुषांशी करायची नाही. इतकेच कष्ट, इतकीच जबाबदारी आणि इतकेच कौशल्य मागणारे, पण प्रामुख्याने पुरुष करतात असे एखादे काम घ्या, आणि त्याला काय मिळते ते पाहा. न्यायालयांनी हा मुद्दा मान्य केला, २०१४ मध्ये अपील न्यायालयानेही तो उचलून धरला, आणि पुढच्या असंख्य दाव्यांची शक्यता दिसू लागल्यावर सरकार वाटाघाटींना बसले. १ जुलै २०१७ पासून सुमारे ५५ हजार सेवक-सेविकांचे पगार १५ ते ५० टक्क्यांनी वाढले. ज्यांना तोवर किमान वेतनाचे १५ डॉलर ७५ सेंट मिळत, त्यांचा दर किमान १९ डॉलर झाला, आणि पाच वर्षांत दोन अब्ज डॉलर खर्च करण्याचे सरकारने मान्य केले.

ही तडजोड पाच वर्षांची होती. मुदत संपल्यावर महागाईने आणि किमान वेतनाच्या वाढीने तो फायदा हळूहळू पुसत आणला. संघटनांनी नवे दावे दाखल केले, त्यांच्याबरोबर परिचारिका, ग्रंथपाल, शिक्षक अशा इतर व्यवसायांचेही दावे उभे राहिले. मे २०२५ मध्ये सरकारने तातडीची कार्यपद्धती वापरून, नागरिकांच्या सूचना ऐकणाऱ्या संसदीय समितीकडे विधेयक न पाठवता, वेतनसमानतेचा कायदा बदलला. आता कामात स्त्रियांचे प्रमाण सलग दहा वर्षे किमान ७० टक्के असल्याशिवाय दावा करता येत नाही, तुलनेसाठी दुसऱ्या क्षेत्रातील काम निवडणे कठीण झाले आहे, आणि चालू असलेले ३३ दावे एका रात्रीत रद्द झाले. त्याच महिन्याच्या अंदाजपत्रकात या बदलामुळे चार वर्षांत वाचणारी रक्कम जाहीर झाली: १२.८ अब्ज न्यूझीलंड डॉलर.

मी हा आकडा पुन्हा पुन्हा वाचला आहे. जुन्याच कायद्याखाली, पुरावे तपासून, या स्त्रियांना देणे लागेल असे सरकारने स्वतःच बाजूला काढून ठेवलेले हे पैसे होते. कमी पगाराची एकूण रक्कम किती, हे सहसा संशोधकांना अंदाजाने सांगावे लागते. येथे ती खुद्द अर्थखात्याने सांगितली, आणि बचत म्हणून सांगितली.

संसदेने ज्यांचे ऐकून घेतले नाही त्यांचे ऐकायला मग दुसऱ्या काही स्त्रिया पुढे आल्या. निरनिराळ्या पक्षांच्या दहा माजी महिला खासदारांनी स्वखुशीने एक लोकसमिती स्थापन केली आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वेतनसमानतेवर जाहीर सुनावण्या घेतल्या. देशभरातून लेखी निवेदने आली आणि सेविकांनी तेथे येऊन आपल्या पगाराविषयी आणि रद्द झालेल्या दाव्यांविषयी साक्षी दिल्या. समितीच्या प्रमुख होत्या मॅरिलिन वॉरिंग, ज्या १९७५ मध्ये, २०२५ साली सत्तेत असलेल्या पक्षातर्फेच प्रथम संसदेत निवडून गेल्या होत्या, आणि राष्ट्रीय हिशेबांच्या पद्धतीतून स्त्रियांचे काम कसे गाळले जाते हे ज्यांनी १९८८ मध्ये पुस्तक लिहून जगासमोर मांडले होते.